झाकणाच्या आत देव

मावशीने देवाशी अबोला धरला त्याला इतकी वर्षं झाली होती की भांडण कशावरून सुरू झालं हे दोघांनाही आठवत नसावं. देवाचं नाव निघालं की ती जांभई द्यायची. फारच कोणी आग्रह केला तर म्हणायची, त्याला माझा पत्ता माहीत आहे, गरज असेल तर येईल. अशा बाईच्या नशिबी नोकरी कुठली यावी? बर्गरच्या दुकानात, देवाचे निरोप छापलेले बॉक्स भरून द्यायची.

दुकान म्हणजे रस्त्याला लागलेली एक लांबट खोली. बसायला जागा नाही, उभ्याउभ्या घ्या आणि चालू पडा. एका टोकाला पैसे घेऊन टोकन द्यायची खिडकी होती. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे टोकनच म्हणत. मधोमध तव्यापाशी आणि उकळत्या तेलापाशी आचारी उभा असायचा, जाडजूड, कायम घामाघूम, त्याचं नाव पडलं होतं भट्टी. आणि दुसऱ्या टोकाला माल बाहेर द्यायची खिडकी, तिथे मावशी. या खिडकीचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं. वरही जात नव्हतं, खालीही येत नव्हतं. मालक दर महिन्याला म्हणायचे, या महिन्यात करून टाकू, आणि महिना निघून जायचा.

त्यामुळे मावशीला गिऱ्हाईक दिसायचं ते गळ्यापासून कमरेपर्यंत. पोटं, शर्टाची बटणं, पर्सचे पट्टे आणि कठड्यावर टेकलेले हात, एवढीच तिची दुनिया. तोंडं तिने पाहिलीच नव्हती. रस्त्यात कोणी हसून 'कशा आहात मावशी' म्हणालं की ती आधी चेहऱ्याकडे बघून गोंधळायची, मग नजर खाली पोटाकडे न्यायची आणि म्हणायची, अच्छा, तुम्ही होय!

मालक आधीपासून देवभोळे होते असं नाही. एकदा गॅसची नळी सुटली आणि दुकानाला आग लागता लागता राहिली, तेव्हापासून त्यांचं मन वळलं. देवाने वाचवलं असं त्यांचं म्हणणं होतं. भट्टीचं म्हणणं होतं की वाचवलं ते त्याने, कॉक बंद करून. पण भट्टीचे आभार कोणी मानले नाहीत, कारण तो पगारी होता. मालकांनी मग दुकानात बसून डझनभर निरोप लिहिले. देवाच्या वतीने, आणि देवाला न विचारता. ते बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापून घ्यायचे ठरले, म्हणजे खाणाऱ्याने झाकण उघडलं की आधी देव, मग बर्गर. खाली सही म्हणून नुसतं 'देव'. छापखानेवाल्याने, तक्रारीसाठी फोन नंबर कुणाचा टाकू, असं विचारलं होतं म्हणे.

छापखान्यातून सपाट पुठ्ठ्यांचे गठ्ठे येत, आणि एका गठ्ठ्यात एकच निरोप असे. मालकांचा हुकूम असा की गठ्ठे सोडायचे, पत्त्यांसारखे पिसायचे, आणि हाताला येईल तो बॉक्स द्यायचा. कोणाला काय सांगायचं ते देव बघून घेईल. मावशी रोज सकाळी कडा दुमडून, खाचा अडकवून बॉक्स उभे करायची, बोटांची कातडी त्यात सोलून निघायची. वरून हे पिसणं. तिने ते एक दिवस केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, निवडायचं त्याला आहे ना, मग पिसू दे त्यालाच. आणि तिने डोक्यावरच्या फळीवर डझनभर चळती लावल्या, प्रत्येक निरोपाची वेगळी.

निवडायचं तिच्या मनातही नव्हतं. पण एका दुपारी कठड्यावर दोन मुठी आदळायला लागल्या. उशीर झाला म्हणून मुठींचा मालक शटरपलीकडून तोंडाला येईल ते बोलत होता. मावशीचा हात आपसूक वर गेला आणि तिने बॉक्स काढला: 'राग हा पाहुणा आहे. त्याला मुक्कामाला ठेवू नकोस.' झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मुठी सुटल्या. बराच वेळ बोटं नुसती पडून राहिली. मग एक हात पुढे झाला आणि शटरपलीकडून 'माफ करा' असं कोणीतरी पुटपुटलं. मावशीला त्या दिवशी घरी जाताना फार मजा वाटत होती. चटक लागायला एवढं पुरतं.

मग ती वाचायलाच लागली. कुरतडलेली नखं आली की 'मी जागा आहे, तू झोप.' अंगठीचा नुसता पांढरा वळ उरलेलं बोट आलं की 'गेलेल्याला जाऊ दे.' मनगटावर दवाखान्याची पट्टी असली की 'मी तुझ्यासोबत आहे.' पलीकडच्या सरकारी कचेरीतलं एक गलेलठ्ठ पोट रोज यायचं, खिशात नवनवी पेनं लावून. त्याला तिने 'जे तुझं नाही ते परत कर' हा निरोप लागोपाठ इतक्या वेळा दिला की ते पोट घाबरून समोरच्या पिझ्झावाल्याकडे जायला लागलं. मोबाईलवरून अंगठा न उचलणाऱ्यांसाठी 'वर पाहा' राखून ठेवला होता. त्यातल्या एकाने खरोखरच लगेच वर पाहिलं आणि कपाळ शटरला आपटून घेतलं. तो मात्र आठवडाभराने पुन्हा आला, आणि त्याचं म्हणणं होतं की असा झटका त्याला हवाच होता.

बघता बघता बोभाटा झाला. या दुकानातला बॉक्स माणूस ओळखून बोलतो म्हणे. लांबलांबून लोक यायला लागले, बर्गर थंड होईपर्यंत झाकणच वाचत बसायला लागले. भट्टीला याचा राग यायचा. तो म्हणायचा, माझ्या हातच्या कुरकुरीत बटाट्यांचं कौतुक करायला एक माणूस नाही, आणि पुठ्ठ्यासाठी रांग. मालक मात्र रांगेकडे बघून डोळे पुसायचे. मावशीने त्यांना कधी खरं सांगितलं नाही. राबायचं एकाने आणि नाव व्हायचं दुसऱ्याचं, हे ती जन्मभर बघत आली होती. यावेळी दुसरा देव होता इतकंच.

मालक तसे भले होते, हे सांगायलाच हवं. एकदा उकळतं तेल उडून मावशीचं मनगट भाजलं, तेव्हा त्यांनी स्वतः तिला दवाखान्यात नेलं होतं. आत जाताना तिच्या चपला दारात राहिल्या. चोरीला जातील म्हणून हा माणूस पूर्ण वेळ त्या चपला हातात धरून बाकावर बसला होता. पोट असं की मालकांच्या आधी दोन पावलं आत यायचं, अंगात तोच चौकड्यांचा शर्ट, तिसरं बटण जीव मुठीत धरून टिकलेलं, आणि त्या पोटावर टेकवलेल्या मावशीच्या झिजक्या चपला. ते दृश्य ती विसरली नव्हती.

तर या मालकांच्या हृदयाने एक दिवस दगा दिला. मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर ते घरीच पडून होते, दुकान फोनवर चालत होतं. शेजारच्या मोबाईलवाल्याला जागा हवी होती आणि मालकीणबाई विकून टाका म्हणून मागे लागल्या होत्या. मालकांचा जीव मात्र दुकानातून निघेना. शेवटी त्यांनी तोड काढली आणि ती फोन करून भट्टीला सांगितली, कोणाला सांगू नकोस या अटीवर. या आठवड्यात कधीतरी मी गिऱ्हाईक म्हणून येईन, म्हणाले. एक बॉक्स घेईन. इतकी वर्षं देव सगळ्यांना सांगतोय, आता मलाही सांगेल. ठेव म्हणाला तर ठेवेन, सोड म्हणाला तर सोडेन.

भट्टीने फोन ठेवला आणि लगेच सगळ्यांना सांगितलं.

टोकन खुर्चीवरून उठून आला. तिघांची सभा भरली, बटाट्याच्या पोत्यांवर. देव कोण आहे हे या दोघांना पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यामुळे चर्चा सरळ मुद्द्यावर आली. टोकनला 'धीर धर' हा निरोप पसंत होता. भट्टीला तो फार मोघम वाटला. धीर धरून माणूस दुकान विकूही शकतो, म्हणाला. शेवटी एकमताने ठरलं: 'हातातलं काम सोडू नकोस. फळ जवळ आहे.' ती चळत फळीवरून काढून मावशीच्या उजव्या हाताशी ठेवण्यात आली. देवाची अशी वशिलेबाजी याआधी कोणी केली असेल, पण इतक्या उघड नसेल.

मावशीने चळतीच्या कडा सारख्या केल्या. आजारी माणसाला पुन्हा तेलाच्या धुरात ओढायचं, आणि तेही देवाच्या सहीने, याची तिला लाज वाटत होती. पण भीती लाजेहून मोठी होती. भट्टीला कुठलाही तवा चालला असता, टोकनला कुठलीही खुर्ची. तिला या वयात कोण ठेवणार? आणि नोकरी गेली म्हणजे दिवसभर घर, आणि घरात ताई.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोघी दोन खोल्यांत राहायच्या. ताई कानाने अधू आणि भक्तीने भक्कम. पहाटे उठल्यापासून मोबाईलवर प्रवचनं लावायची, आवाज पूर्ण. मध्येच प्रवचनकार पाणी प्यायला थांबला तर ताई त्याचा मुद्दा पुढे चालवायची. मावशी दुकानात निघाली की तिला बंद खोलीतून हवेत आल्यासारखं वाटे. उकळत्या तेलाचा आवाज तिला शांत वाटे, यावरून काय ते ओळखा. भिंतीवर ताईने दुकानातलं एक झाकण चौकटीत घालून लावलं होतं, 'मी तुझ्यासोबत आहे', कोपऱ्यात केचपच्या डागासकट. ताई तापाने फणफणली होती तेव्हा मावशीनेच तो बॉक्स निवडून आणला होता. ताईने हात जोडले ते झाकणाला.

आठवडाभर मावशी पोटं न्याहाळत होती. चौकड्यांचा शर्ट दिसला रे दिसला की तिचा उजवा हात चळतीवर. नुसत्या संशयावरून पाच-सहा ढेरपोट्यांना तिने 'हातातलं काम सोडू नकोस' देऊन टाकलं. त्यातला एक जण साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकायला निघाला होता, तो झाकण वाचून मुकाट्याने कामावर परत गेला, असं टोकनने पुढे ऐकून सांगितलं. त्याचं भलं झालं की वाटोळं, हे देवाला माहीत, म्हणजे कोणालाच माहीत नाही.

शुक्रवारी दुपारी तो आला. पोट कठड्यावर टेकलं, चौकडी तीच, तिसरं बटण ताणलेलं, खिशात चष्म्याचं घर. मावशीने मागे वळून डोळ्यांनीच खूण केली. भट्टीने बटाटे पुन्हा एकदा तेलात सोडले, थोडे जास्तच. मावशीने चळतीतला बॉक्स भरला, झाकण लावलं आणि बाहेर सरकवला. दोन्ही हातांनी तो उचलला आणि पोट निघून गेलं. तिघांनी एकदम श्वास सोडला. भट्टी तर गाणं गुणगुणायला लागला, आणि त्याचा गळा असा की ताईचं प्रवचन बरं.

त्याच्या मागे जो होता त्याने काही न बोलता टोकन कठड्यावर ठेवलं. मावशीच्या मनावरचं दडपण उतरलं होतं, म्हणून तिने नीट बघितलं. खुंटीवर लटकवावा तसा शर्ट अंगावर लोंबत होता. गळ्याची हाडं वर आलेली. हाताच्या पाठीवर सुयांचे काळेनिळे डाग, आणि बोटं कठड्यावर टेकलेली असूनही थरथरत होती. किती दिवस ओढतो आहेस रे बाबा, असं तिच्या मनात आलं, आणि तिला अगदी भरून आलं. हात फळीच्या टोकाला गेला. ही चळत क्वचितच हलायची: 'ओझं खाली ठेव. इथून पुढे मी उचलतो.' बॉक्स भरताना तिने सॉसची पुडी घेतली, पुन्हा त्या बोटांकडे पाहिलं, आणि पुडीचा कोपरा फाडून ती उभी लावून ठेवली.

थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि एक हडकुळा माणूस आत आला. भट्टी त्याला हाकलायलाच निघाला होता. मग तो माणूस हसला आणि भट्टीच्या हातातला झारा खाली पडला. ते मालक होते. त्यांच्या पोटाला काय झालं, ते कुठे गेलं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. ऑपरेशनने आणि पथ्याने अर्धा माणूस सोलून नेला होता. रोज फोनवर आवाज तोच ऐकू यायचा, त्यामुळे बाकीचं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते पोत्यावर बसले आणि सांगायला लागले. टोकन घ्यायला त्यांनी टॅक्सीवाल्याला पाठवलं होतं, कारण आपल्याला ओळखलं तर बटाटे जास्त पडतील, आणि देवाच्या कामात वशिला नको. भट्टीने खाली पडलेला झारा उचलायला जरा जास्तच वेळ लावला. खिडकीपाशी ते मुद्दाम तोंडातून अवाक्षर न काढता उभे राहिले. मग त्यांनी झाकण पुढे केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज फुटला, आणि ते आडपडदा न ठेवता रडले.

"आणि सॉसची पुडी फाडलेली होती," ते म्हणाले. "मला आता पुडी फाडता येत नाही. घरी हे कोणाला सांगितलेलं नाही मी, बायकोलासुद्धा नाही."

टोकन आणि भट्टी मावशीकडे बघत होते. त्या नजरेतलं तिला अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. तोंड उघड, असं ते म्हणत होते. सांग की निवडणारी तू आहेस, देव-बिव कोणी नाही, तुमचा बॉक्स चुकून दुसऱ्याला गेला. एवढं सांगितलं की निरोप रद्द, विक्री रद्द, दुकान चालू. आणि मावशीला तर हे सांगायची हौस किती वर्षांची! देवाला तोंडावर पाडायची संधी, तीही नोकरीच्या हमीसकट. असा योग पुन्हा येणार नव्हता.

मालक डोळे पुसून तिच्याकडे वळले.

"मावशी, तुम्ही मानत नाही, मला माहीत आहे. म्हणून तुम्हालाच विचारतो, तुम्ही खोटं बोलणार नाही. हा बॉक्स तुम्ही मला ओळखून दिलात का?"

भट्टीने झारा तव्यावर आपटला. मावशीने मालकांच्या हातांकडे पाहिलं. सुयांच्या डागांचे तेच हात, आणि याच हातांनी कधीतरी तिच्या चपला धरून ठेवल्या होत्या. चेहरा वाचायची तिला सवय नव्हती, पण हा वाचता येत होता. तिथे फक्त सुटका होती.

"नाही मालक," ती म्हणाली. "शपथेवर सांगते. मी तुम्हाला ओळखलंच नाही."

एक शब्द खोटा नव्हता. मालकांनी झाकण छातीशी धरलं आणि मान हलवली, आपल्याला हे ठाऊकच होतं अशी. भट्टी त्या दिवशी मावशीशी पुढे एक शब्दही बोलला नाही. संध्याकाळी मात्र त्याने एक बॉक्स भरून तिच्या पिशवीत ठेवला, बटाटे भरपूर, आणि झाकणावर निरोप 'जे तुझं नाही ते परत कर.' म्हणजे राग होता, पण उपाशी ठेवण्याइतका नव्हता.

दुकान मोबाईलवाल्याकडे गेलं. त्याच्या माणसांनी पहिल्याच दिवशी ते शटर उचकटून काढलं, चहा होईपर्यंत काम संपलं. मावशी रस्त्यापलीकडे उभं राहून बघत होती. एवढंसंच काम होतं ते, असं तिला वाटलं, आणि वाईटही वाटलं. मग ती घरी आली.

घरी प्रवचन चालू होतं, आवाज पूर्ण. चौकटीतल्या झाकणाखाली ताई बिस्किटांचा पुडा घेऊन बसली होती आणि तो उघडण्याची खटपट करत होती. मावशीला दारात बघून तिचा चेहरा उजळला. किती वर्षांनी बहीण अशी भर दुपारी घरात आली होती.

"बघितलंस?" ताई ओरडून म्हणाली. "शेवटी देवानेच तुला घरी आणून बसवलं."

"देवाने नाही गं," मावशी म्हणाली. "मी माझ्याच हाताने आणलं."

ताईला प्रवचनापुढे ऐकू आलं नाही. तिने कानामागे हात धरला आणि काय म्हणालीस, असं विचारलं. मावशीने तिच्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिलं, पुडा काढून घेतला, कोपरा फाडला आणि तिच्या हातात परत दिला.

काही नाही, खा, ती म्हणाली.